क्लाउडवरचे डेडस्टॉक रजिस्टर

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



क्लाउडवर चालणारी सॉफ्टवेअरे आपोआप शोधून त्यांची नोंद ठेवणे, असा आजचा विषय आहे. नाव जड वाटते, पण हे काम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नोकरीभर केलेले आहे. शाळेत, बँकेत, रेल्वेत किंवा ओएनजीसीत ज्यांची हयात गेली, त्या प्रत्येकाला डेडस्टॉक रजिस्टर ठाऊक आहे. खुर्चीच्या पायावर आणि कपाटाच्या पाठीवर रंगाने घातलेला नंबर, मार्चअखेरची तपासणी, एखादे स्टूल कमी भरले की हेडक्लार्कची होणारी धावपळ आणि निवृत्त होताना चार्ज देण्यासाठी त्याच वहीवर केलेली सही, हे सगळे आपण पाहिले आहे. त्या वहीमागचा विचार साधा होता. संस्थेची वस्तू कोणती, ती कुठे आहे आणि तिला जबाबदार कोण, हे माणसे बदलली तरी कळले पाहिजे.

आता अडचण अशी झाली आहे की संस्थेची सर्वात मोलाची वस्तू खोलीत उरलेलीच नाही. हिशेब, ड्रॉइंग, गिऱ्हाइकांचे पत्ते, कामगारांची हजेरी, मंडळाचे जुने फोटो, सगळे दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर इंटरनेटच्या पलीकडे ठेवलेले असते. त्यालाच आपण क्लाउड म्हणतो. पंचवीस वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर सीडीवर यायचे, त्याचे बिल यायचे, ते कोणत्या मशीनवर टाकले हे संगणकवाल्याला माहीत असायचे. आज ब्राउझर उघडायचा, ई-मेल आयडी टाकायचा आणि दोन मिनिटांत नवे सॉफ्टवेअर सुरू. मशीनवर काहीही बसवावे लागत नाही, खरेदीची चिठ्ठी निघत नाही, बऱ्याचदा पहिला महिना फुकट असतो. नंबर घालायला या वस्तूला पायच नाहीत. म्हणून ती वहीत येत नाही.

आपल्या मकरपुरा जीआयडीसीतला एक कारखाना कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. व्हॉल्व्ह बनवतो, साठ माणसे आहेत, दुसरी पिढी कारभार पाहते. मालकाला विचारले, तुमच्याकडे क्लाउडवरची सॉफ्टवेअरे किती? तो सांगेल चार. ई-मेल, हिशेबाचे, जीएसटीचे आणि हजेरीचे. आता आपण शेडमधून चक्कर मारू. डिझाइनवाला मुलगा मोठी ड्रॉइंग जर्मनीला पाठवायला फुकटची फाइल पाठवणारी साइट वापरतो. खरेदी विभागातल्या बाई दोन पीडीएफ जोडायला एका अनोळखी साइटवर परचेस ऑर्डर चढवतात. मार्केटिंगवाला कॅनव्हावर ब्रोशर करतो, ते त्याच्या स्वतःच्या खात्यावर. इंग्रजी पत्र सुधारायला कोणी चॅटजीपीटीत अख्खे कोटेशन टाकतो, दरासकट. सुपरवायझरने पाळ्यांचा तक्ता स्वतःच्या गूगल शीटवर ठेवला आहे, कारण ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नीट होत नाही. मोजता मोजता चाराचे वीस-पंचवीस होतात. यातल्या कोणाच्याही मनात खोट नाही. प्रत्येकाने आपले काम सोपे केले आहे. पण कारखान्याचे दर, ड्रॉइंग आणि माणसांची माहिती किती दारांनी बाहेर गेली, हे मालकाला सांगता येणार नाही. संगणकाच्या धंद्यात याला शॅडो आयटी म्हणतात, म्हणजे सावलीतले सॉफ्टवेअर.

मग विचारूनच यादी करावी, असे पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात येते. एक कागद फिरवायचा, प्रत्येकाने आपण काय वापरतो ते लिहायचे. हा कागद फिरवून पाहा. पीडीएफ जोडणाऱ्या साइटचे नाव त्यावर कोणी लिहिणार नाही, कारण ती आपण 'वापरतो' असे कोणाला वाटतच नाही. तीन वर्षांपूर्वी सुरू केलेली फुकट सेवा आठवत नाही. आणि काही गोष्टी रागावतील म्हणून लिहिल्या जात नाहीत. शिवाय आज केलेली यादी पुढच्या महिन्यात शिळी होते. म्हणून यादी माणसांच्या आठवणीवर न सोडता खुणांवरून करावी लागते. प्रत्येक वापर कुठे ना कुठे खूण सोडतो. त्या खुणा गोळा करून त्यांची यादी बनवणारी यंत्रणा म्हणजे ही आपोआप शोधण्याची पद्धत.

खुणा कोणकोणत्या ते एकेक करून सांगतो, कारण यातल्या निम्म्या तुम्ही घरबसल्या तपासू शकता.

पहिली खूण दाराची. कितीतरी ठिकाणी आपण नवा पासवर्ड न बनवता 'गूगलने आत या' किंवा 'मायक्रोसॉफ्टने आत या' असे बटण दाबतो. त्या क्षणी मूळ खात्यात नोंद होते की अमुक माणसाने अमुक ॲपला परवानगी दिली. माझे नाव बघ, माझे मेल वाच, माझ्या फाइल उघड. कंपनीचे ई-मेल जिथे आहे, तिथल्या व्यवस्थापकाच्या पानावर या परवानग्यांची यादी तयार मिळते. ती उघडून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

दुसरी खूण टपालाची. नवे खाते उघडले की स्वागताचे पत्र येते, मुदत संपत आली की आठवण येते, पैसे गेले की पावती येते. यंत्रणा ऑफिसच्या मेलपेटीत फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता आणि विषयाची ओळ पाहते आणि त्यावरून ॲप ओळखते. आतले पत्र वाचायची गरज नसते, आणि वाचूही नये. त्यावर पुढे बोलतो.

तिसरी खूण पैशाची. दर महिन्याला कार्डावरून जाणारी छोटी रक्कम मेहताजींच्या चोपड्यात 'किरकोळ' किंवा 'इंटरनेट खर्च' या सदराखाली दडून बसते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू केला की कार्डावरून ठरावीक मुदतीने आपोआप जाणाऱ्या पैशांची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी गेली पाहिजे. सुरुवातीला ५,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी लागायची, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० रुपये झाली. म्हणजे त्याखालची वर्गणी एकदा सुरू केली की सूचना देऊन जात राहते, आणि ती सूचना कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे जाते. भागीदाराच्या स्वतःच्या कार्डावर कारखान्याचे सॉफ्टवेअर चालू असेल, तर खूण त्याच्या फोनमध्ये पडलेली असते आणि चोपड्यात शोधून सापडत नाही.

चौथी खूण रस्त्याची. ऑफिसच्या राउटरमधून किंवा फायरवॉलमधून कोणत्या पत्त्यांवर येजा झाली याची नोंद राहते. पीडीएफ जोडणारी साइट इथे सापडते, कारण तिला ना खाते लागते ना पैसे. पण कोणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून गेला तर हा रस्ता काही सांगत नाही.

पाचवी खूण मशीनची. ऑफिसच्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम किंवा ब्राउझरला जोडलेला तुकडा बसवतात, तो कामाच्या कोणत्या साइट उघडल्या जातात ते कळवतो. आणि सहावी खूण खुद्द ॲपची. मोठी ॲप्स व्यवस्थापकाला विचारू देतात की तुमच्याकडे माझी किती खाती आहेत आणि प्रत्येक जण शेवटचा कधी आत आला. पन्नास जणांचे पैसे भरतो आणि एकतीसच जण वापरतात, हे कळते ते इथून.

या सहांपैकी एकही खूण पुरेशी नाही. दाराला पासवर्डवाली खाती दिसत नाहीत, टपालाला खाते न लागणाऱ्या साइट दिसत नाहीत, चोपड्याला फुकटची सेवा दिसत नाही. म्हणून सगळ्या खुणा एकत्र करून जुळवाव्या लागतात, आणि खरी मेहनत तिथे आहे. एकच ॲप बँकेच्या कागदावर परदेशी पैसे-वसुली कंपनीच्या नावाने येते, राउटरमध्ये वेगळ्याच पत्त्याने दिसते आणि मेलमध्ये तिसऱ्या नावाने सही करते. बडोदेकरांना हे समजावून सांगायला नको. 'गायकवाड' हे एकच आडनाव जुन्या इंग्रजी कागदांत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. ज्याला ठाऊक नाही तो तीन-चार घराणी समजेल. म्हणून या यंत्रणांजवळ ओळखीच्या ॲप्सचा मोठा कोश असतो आणि प्रत्येक खूण त्या कोशाशी ताडून पाहिली जाते. जे जुळत नाही ते बाजूला काढून माणसाने पाहायचे. आपोआप म्हटले तरी शेवटचा निवाडा माणसाचाच.

शोधणे इथे संपते आणि नोंद सुरू होते. या दोन गोष्टींत गल्लत होते, म्हणून आपल्याच गावचे एक उदाहरण देतो.

हस्तलिखितांचा शोध हे एकोणिसाव्या शतकातले मोठे काम होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबई इलाख्यात असा शोध घेऊन त्याचे अहवाल लिहिले. बडोदे राज्यातले पाटण हे जैन ग्रंथभांडारांचे गाव. तिथले ग्रंथ पिढ्यान् पिढ्या नीट जपलेले होते, प्रश्न होता तो कुठे काय आहे हे बाहेर कळण्याचा. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये, अमेरिकेतून आलेल्या विल्यम बोर्डन यांच्या हाताखाली बडोद्याच्या ग्रंथालयांची आखणी सुरू झाली. पुढे १९१४ च्या सुमारास मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातले चिमणलाल दलाल यांना पाटणला पाठवण्यात आले. दलालांनी भांडारे पाहिली, पोथ्या उघडल्या, प्रत्येकीची टिपणे काढली. त्यानंतर १९१६ मध्ये गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ निघाला, राजशेखराची काव्यमीमांसा, आणि त्याच्या संपादकांत दलाल होते. १९१८ मध्ये दलाल वारले. त्यांची पाटणची टिपणे मागे राहिली आणि पंडित लालचंद्र गांधी यांनी ती पुरी करून १९३७ मध्ये त्याच मालेत पाटणच्या भांडारांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, पोथ्या भांडारांच्याच राहिल्या. बडोद्यात आली ती त्यांची नोंद. नोंद करायला वस्तू ताब्यात घ्यावी लागत नाही. क्लाउडचे तसेच आहे. ॲप दुसऱ्याच्या संगणकावरच राहणार, आपल्या हातात फक्त सूची असते, म्हणून ती चांगली हवी. दुसरी, दलाल गेल्यावर एकोणीस वर्षांनी सूची निघू शकली, कारण त्यांनी पाहिलेले लिहून ठेवले होते. ते डोक्यात ठेवले असते तर त्यांच्याबरोबर गेले असते. आपल्या कारखान्यांत आणि संस्थांत आज क्लाउडबद्दलचे बहुतेक ज्ञान कोणा एकाच्या डोक्यात असते.

मग चांगल्या नोंदीत काय असावे? ॲपचे नाव आणि ते कशासाठी, हे तर झालेच. जबाबदार माणूस कोण, आणि तो नसेल तर दुसरा कोण. खाते कोणत्या ई-मेलवर उघडले आहे, कंपनीच्या की कोणाच्या स्वतःच्या. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो. हा रकाना लहान दिसतो पण सर्वात जास्त अडचण इथेच होते. पासवर्ड माहीत असतो आणि ओटीपी जातो नोकरी सोडून सुरतेला गेलेल्या अकाउंटंटच्या फोनवर. त्यानंतर, आत कोणती माहिती आहे. नुसती ब्रोशरची चित्रे, की कामगारांचे आधार क्रमांक आणि पगार. पैसे किती, कोणाच्या कार्डावरून आणि नूतनीकरणाची तारीख कोणती. हे ॲप आणखी कोणत्या ॲपला जोडलेले आहे. आणि शेवटचा रकाना, उद्या सोडायचे ठरवले तर आपली माहिती बाहेर कशी काढायची. हा रकाना भरता आला नाही, तर समजावे की आपण मालक नाही, भाडेकरू आहोत आणि भाडेकरार वाचलेला नाही.

हे सगळे करायचे कशासाठी, हे दोन घटनांवरून सांगतो. दोन्ही २०२५ च्या आहेत.

एक आपल्या गुजरातचीच. वाडिनारला नायरा एनर्जीची तेलशुद्धी आहे, वर्षाला २ कोटी टन क्षमतेची. कंपनीत रशियन भागीदारी आहे म्हणून १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीला दिलेल्या सेवा बंद केल्या. नायराचे म्हणणे होते की परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले आहेत. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पुन्हा सुरू झाल्या. ही यादी नसल्याची गोष्ट नाही, एवढ्या मोठ्या कंपनीकडे यादी असतेच. पण धडा आपल्या साठ माणसांच्या कारखान्यालाही लागू आहे. क्लाउडवरची सेवा दूरच्या देशातल्या निर्णयाने, एका नापास झालेल्या कार्डाने किंवा नियम बदलल्याने कधीही थांबू शकते. त्या सकाळी ज्याच्याकडे यादी आहे तो एका तासात सांगू शकतो की काय थांबले, काय चालू आहे आणि कामगारांचा पगार कशाने काढायचा. यादी नसेल तर तेच शोधण्यात आठवडा जातो.

दुसरी घटना ऑगस्ट २०२५ ची. विक्रेत्यांसाठी गप्पांची खिडकी पुरवणारे ड्रिफ्ट नावाचे एक ॲप होते, सेल्सलॉफ्ट या अमेरिकन कंपनीचे. अनेक कंपन्यांनी ते आपल्या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेल्सफोर्सला जोडले होते. जोडताना एकदा परवानगी दिली की एक डिजिटल किल्ली तयार होते आणि पुढे पासवर्ड लागत नाही. चोरांनी ड्रिफ्टकडच्या या किल्ल्या मिळवल्या आणि ८ ते १८ ऑगस्ट या काळात कंपन्यांच्या ग्राहकनोंदी ओढून घेतल्या. बाधित संस्थांची संख्या ७०० च्या वर असू शकते, असे गूगलच्या तपासकांनी सांगितले. त्यात क्लाउडफ्लेअर, झीस्केलर आणि पालो आल्टो नेटवर्क्स अशा सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपन्या होत्या. मुख्य दार मजबूत होते, चोर आले ते मागे जोडलेल्या छोट्या दारातून. म्हणून नोंदवहीत 'कशाला जोडलेले आहे' हा रकाना हवा म्हणतो. आपण दिलेल्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे माहीत असेल, तर अशी बातमी आली त्याच दिवशी त्या परत घेता येतात.

यात कायदाही आला आहे. संगणक सुरक्षेची आपली राष्ट्रीय संस्था, सर्ट-इन, हिने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. लघु आणि मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. आपली माहिती कुठे कुठे आहे हे ज्याला आधी ठाऊक नाही तो सहा तासांत काय कळवणार? २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. माहिती सांभाळण्याची योग्य व्यवस्था नसेल तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तेवढा दंड मकरपुऱ्यातल्या शेडला होईल असे मी म्हणत नाही. पण कामगाराने 'माझी माहिती तुम्ही कोणाला दिलीत' असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर नोंदवहीतच असते. ज्यांचा माल युरोपात जातो त्यांना तिकडचे ग्राहकही विचारतात. माहिती-सुरक्षेचे आयएसओ २७००१ हे मानक, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत माहिती-मालमत्तेची यादी आणि क्लाउड सेवांची व्यवस्था या दोन्हींची वेगवेगळी कलमे आहेत.

आता एक नाजूक गोष्ट. खुणा शोधणारी यंत्रणा काम आणि खाजगी आयुष्य यांत फरक करत नाही. राउटरच्या नोंदीत पीडीएफची साइट दिसते तशीच एखाद्या आजाराची माहिती देणारी साइट दिसते, विवाहजुळणीची दिसते, दुसरी नोकरी शोधण्याची दिसते. जेवणाच्या सुटीत एखाद्या मुलीने काय पाहिले हे मालकाच्या टेबलावर यायचे कारण नाही. मेलपेटी तपासायची म्हटली की पुढचे पाऊल पत्र वाचण्याचे असू शकते. म्हणून यंत्रणा बसवण्याआधी काही गोष्टी कागदावर ठरल्या पाहिजेत. काय पाहणार आणि काय पाहणार नाही हे सगळ्यांना आधी सांगायचे, त्यांच्या भाषेत. फक्त ऑफिसची खाती आणि ऑफिसची यंत्रे तपासायची, कोणाचा स्वतःचा फोन नाही. आरोग्य, बँक, लग्न, नोकरी अशा प्रकारच्या साइट पहिल्याच चाळणीत गाळून टाकायच्या, म्हणजे त्या कोणाच्या डोळ्यांपुढे येणारच नाहीत. आणि कच्च्या नोंदी कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे ठरवायचे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या यादीवरून कोणाला शिक्षा करायची नाही. सुपरवायझरची गूगल शीट सापडली म्हणून त्याला झापले, तर दुसऱ्या दिवशी ती शीट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाईल आणि पुन्हा दिसणार नाही. त्याला बसवून विचारले, बाबा, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये काय जमत नाही, तर कारखान्याला आपल्या गरजेची खरी यादी मिळते. लोक सावलीत जातात ते उजेडातल्या सोयी अपुऱ्या असतात म्हणून. सापडलेल्या प्रत्येक ॲपबद्दल मग तीनपैकी एक ठरवायचे. उपयोगी असेल तर कंपनीच्या नावावर घ्यायचे, एकाच कामाची दोन असतील तर एक ठेवायचे आणि धोक्याचे असेल तर चांगला पर्याय देऊन मगच बंद करायचे.

मोठ्या कंपन्या यासाठी खास सॉफ्टवेअर विकत घेतात. लहान कारखान्याने सुरुवात पदरमोड न करताही करावी. एक सुटीचा दिवस घ्या. ई-मेलच्या व्यवस्थापकाच्या पानावरून जोडलेल्या ॲप्सची यादी काढा. सर्व कार्डांची आणि बँकेची बारा महिन्यांची पाने मेहताजींबरोबर बसून वाचा, भागीदारांच्या खाजगी कार्डांवरचे कंपनीचे खर्चसुद्धा. ऑफिसच्या सामायिक मेलपेटीत पावती, स्वागत, मुदत अशा शब्दांनी शोध घ्या. राउटरवाल्याकडून महिन्याभरात सर्वात जास्त उघडलेल्या पत्त्यांची यादी मागा. संध्याकाळपर्यंत कच्ची यादी हातात येईल. दर तीन महिन्यांनी हेच पुन्हा करा. आणि नोकरी सोडणाऱ्याच्या हिशेबाच्या कागदावर एक ओळ वाढवा, 'माझ्याकडील सर्व ऑनलाइन खात्यांचा चार्ज दिला.' डेडस्टॉकची सही ती हीच.

हे आपल्या मंडळालाही लागू आहे, आणि इथे बसलेल्या ज्येष्ठांपुढे मला ते मोकळेपणाने बोलायचे आहे. मंडळाची मूर्ती, समया, सतरंज्या, लाउडस्पीकर यांची वही असते. पण उत्सवाचे फोटो ज्या गूगल खात्यात आहेत ते कोणाच्या नावाचे आहे? वर्गणीचा क्यूआर कोड कोणाच्या बँक खात्याला जोडला आहे? सभासदांची यादी, त्यात सगळ्यांचे पत्ते, फोन, वाढदिवस आहेत, ती कोणाच्या लॅपटॉपवरून कुठे चढली? व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिन किती, आणि त्यातले किती जण आता पुण्याला मुलांकडे राहायला गेले? गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या मजकुरासह काढून टाकली जातील, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून ते लागू आहे. एखाद्या जुन्या कार्यवाहांनी मंडळासाठी उघडलेले खाते तसे पडून असेल, तर त्यातले पंधरा वर्षांचे गणपती एके दिवशी विसर्जनाशिवायच जातील.

म्हणून माझी विनंती आहे की नवीन कार्यकारिणीने पहिल्याच सभेत एक वही घालावी. मंडळाच्या नावाचा एक ई-मेल, त्यावर दोन जबाबदार माणसे, आणि मंडळाच्या प्रत्येक ऑनलाइन खात्याची एकेक ओळ. कशासाठी, कोणाकडे, ओटीपी कुठे, पैसे किती, माहिती बाहेर काढायची वाट कोणती. पासवर्ड मात्र या वहीत लिहायचे नाहीत, ते वेगळे आणि बंदोबस्तात. हे काम दोन संध्याकाळींचे आहे. तंत्रज्ञान जाणणारा एक तरुण आणि मंडळाचा इतिहास जाणणारे एक आजोबा असे दोघे जोडीने बसले तर उत्तम, कारण तरुणाला खुणा शोधता येतील आणि ती खूण कोणाची हे आजोबांना ओळखता येईल.

आपल्या वाडवडिलांनी या परगावी संस्था उभ्या केल्या आणि वह्या नीट ठेवल्या म्हणून त्या आपल्या हाती आल्या. आपणही पुढच्यांच्या हाती वही द्यावी, एवढेच सांगायचे होते.

गणपती बाप्पा मोरया!